ओढ असावी, ओढाताण नसावी



आजच्या शुभवर्तमानात (मार्क १०:२-१६) परुशी लोक येशूला एक प्रश्न विचारतात. पुरुषाने बायकोला सोडणे नियमात बसते का? प्रश्न सोडण्याविषयीचा आहे. येशू मात्र जोडण्याविषयी बोलतो. तो त्यांना मोशेच्या नियमाच्याही मागे, थेट उत्पत्तीच्या पुस्तकाकडे घेऊन जातो. आजचे पहिले वाचन (उत्पत्ती २:१८-२४) तेच आहे. देवाने जे जे निर्माण केले ते सारे त्याला चांगले वाटले. न आवडलेली अशी एकच गोष्ट तिथे सापडते, ती म्हणजे माणसाचे एकटेपण.

धर्मग्रामाच्या कार्यालयात बसले की नवरा-बायकोची अनेक गाऱ्हाणी कानी येतात. दारू, पैसा, जमिनीचे वाद, सासू-सून ही कारणे तर आहेतच. पण अलीकडे एक वेगळेच वाक्य वारंवार ऐकू येते. ‘फादर, भांडण असं काही नाही. पण आमच्यात आता काही उरलंच नाही.’ तो सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातो आणि रात्री नऊला परततो. ती नोकरी, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे सांभाळता सांभाळता दमून जाते. जेवायला बसल्यावर दोघांच्या हातांत दोन मोबाईल असतात. रविवारी मिस्साला एकाच बाकावर बसतात, पण शांतीचा संदेश देताना आधी मागच्या बाकाकडे वळतात! एकाच छपराखाली दोन एकटी माणसे. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाला जे बरे वाटले नाही, ते लग्नानंतरही घरात येऊन बसू शकते.

यावर पुस्तकी उपदेश करण्याऐवजी मी तुम्हांला एका जोडप्याच्या एका दिवसाविषयी सांगतो. जोडपे अमेरिकेतले आणि दिवस मासे धरण्याचा. मासळी म्हटले की आपल्या लोकांचे कान टवकारतात, हे मला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल नावाच्या डोंगराळ भागात एका लहान धर्मग्रामात उन्हाळ्याचे दोन महिने सेवा करण्याची संधी मला मिळाली. तिथे रॉस्को नावाचे छोटे गाव आहे. बीव्हरकिल आणि विलोवीमॉक या दोन नद्या तिथे एकमेकींना मिळतात. आपल्या पावसाळ्यातल्या ओढ्यांपेक्षा थोड्या रुंद, बर्फासारख्या थंड आणि तळाचे गोटे मोजता येतील इतक्या स्वच्छ. या पाण्यात ट्राऊट नावाचा मासा राहतो. तो धरण्यासाठी लोक लांबून येतात, आणि धरून बहुतेक वेळा पुन्हा पाण्यात सोडून देतात. हे ऐकून आपल्या कोळीवाड्यातल्या बायका नक्कीच हसतील!

आपल्याकडे गरवायला जाणारा माणूस गळाला कोळंबी लावतो, तंगुसाला शिसे बांधतो आणि त्या वजनाने गळ दूर फेकतो. तिकडची रीत निराळी. इवल्याशा गळावर कोंबड्याची पिसे, जनावराचे केस आणि रेशमी दोरा गुंडाळून ते खोटी माशी बनवतात. माशीने मासा धरायचा! या माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून वजन दोराला असते. लवचिक काठीने जाड दोर मागे-पुढे झुलवतात आणि अलगद पाण्यावर टाकतात. दोराच्या टोकाला केसासारखा बारीक तंगूस आणि तंगुसाच्या टोकाला माशी.

ही कला जुनी आहे. या विषयावर इंग्रजीत छापलेले पहिले लिखाण १४९६ सालचे. ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासिनीने लिहिले, अशी परंपरा आहे. इतिहासकार त्याबद्दल शंका घेतात, पण त्या लिखाणात बारा प्रकारच्या माश्यांची यादी आहे आणि हावरटपणाने फार मासे धरू नयेत असा सल्लाही आहे. कॅट्स्किलमध्ये ही कला जोडप्यांनी जपली, हे मला विशेष वाटते. रॉस्कोमधले वॉल्ट आणि विनी डेट हे पती-पत्नी माश्या बांधण्यासाठी प्रसिद्ध होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रूब क्रॉस नावाच्या नामांकित कारागिराकडे शिकायची इच्छा धरली. त्याने नकार दिला. तेव्हा दोघांनी त्याच्याच माश्या विकत आणल्या, एकेक दोरा उलगडून त्या सोडवल्या आणि तशा बांधायला शिकले. त्याच नदीकाठी ली वुल्फ आणि जोन वुल्फ या दांपत्याने १९७९ साली ही कला शिकवणारी शाळा काढली. जोनबाई दोर फेकण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या. १९९१ साली ली वारले, त्यानंतरही त्यांनी ती शाळा पुढे चालवली.

आता आपल्या जोडप्याकडे येतो. त्यांचे नाव सांगत नाही. दोघांचीही साठी उलटलेली, लग्नाला चाळीस वर्षे झालेली. दर वर्षी जून महिन्यातला एक शनिवार दोघांनी नदीवर घालवायचा, हा त्यांचा नेम. मुले लहान होती तेव्हा ती आजीकडे ठेवून ते जात. त्या वर्षी जानेवारीत गृहस्थांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. मुलांनी अट घातली की काठावर कोणीतरी तिसरे माणूस हवेच. अशा रीतीने घडीची खुर्ची, प्रार्थनेचे पुस्तक आणि मोबाईल घेऊन मी काठावर बसलो. तिथे मोबाईलला रेंजच नव्हती, त्यामुळे माझा उपयोग प्रार्थनेपुरताच उरला!

सकाळी बाईंनी सर्वांत आधी पाण्यात तापमापक बुडवला. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘फादर, पाणी वीस अंशांच्या आसपास तापलं की आम्ही काठी बाहेर काढत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा सोडला तरी वाचत नाही.’ त्या दिवशी पाणी थंड होते.

मग दोघांना पलीकडच्या काठाला जायचे होते. छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून, हातात हात अडकवून दोघांनी नदी ओलांडायची. अशा वेळी एक माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहतो. पाण्याचा जोर तो अंगावर घेतो, त्यामुळे खालच्या अंगाच्या माणसाला चालणे सोपे जाते. चाळीस वर्षे वरचा अंग गृहस्थांचा. सवयीने ते तसेच उभे राहिले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मागून वळसा घालून त्या वरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. गृहस्थ थबकले. काठावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. आता काही बोलणार असे वाटले, पण त्यांनी हात पुढे केला आणि दोघे हळूहळू पाण्यात उतरले.

पलीकडे गेल्यावर बाईंनी त्यांच्या तंगुसाला माशी बांधून दिली. त्या गळाचे छिद्र सुईच्या नाकाहूनही लहान असते आणि गृहस्थांची नजर अधू झालेली. थोड्या वेळाने बाईंचा तंगूस झाडाच्या फांदीत अडकून गुंतला, तेव्हा गुंता सोडवायला गृहस्थ आले. बाईंना तेवढा धीर नाही. बाकी दिवसभर ते तीस-चाळीस पावलांच्या अंतरावर उभे होते. फारसे बोलले नाहीत. मधूनच एकाने मान वळवून दुसऱ्याकडे पाहायचे, एवढेच.

दुपारी भाकरीचे दोन तुकडे खाता खाता बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. ‘एक वर्ष असं होतं, फादर, की आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. किती आठवडे झाले होते, ते आता आठवतही नाही. जूनचा शनिवार आला. न बोलताच गाडीत बसलो, न बोलताच पाण्यात उतरलो. मग माझा दोर गुंतला. मला त्यांना हाक मारावीच लागली.’ गृहस्थ शेजारी बसून चहा पीत होते. ते म्हणाले, ‘त्या दिवशी मी तो गुंता मुद्दाम सावकाश सोडवला.’

बंधू-भगिनींनो, या एका वाक्यापाशी जरा थांबावेसे वाटते. त्या वर्षी त्यांच्यात प्रेम उफाळून आले होते म्हणून ते नदीवर गेले नव्हते. नेम होता म्हणून गेले. मन रुसलेले असतानाही पाय गेले, आणि पायांच्या मागे मन गेले. आपणही कोरड्या मनाने रोझरी म्हणतोच ना? प्रार्थनेत नेमाला जी किंमत आहे, तीच संसारातही आहे. सगळे सुरळीत झाले की आपण एकमेकांना वेळ देऊ, असे म्हणणाऱ्यांची वेळ कधी येत नाही.

त्या दिवशी मी दोराविषयी एक गोष्ट शिकलो. नदीचे पाणी सगळीकडे एकाच वेगाने वाहत नाही. काठाशी संथ, मध्ये जोरात, दगडामागे पुन्हा संथ. खरी माशी पाण्यावर पडली की पाणी नेईल तशी मोकळी वाहत जाते. पण खोट्या माशीला दोर बांधलेला असतो. मधल्या जोरदार पाण्याने दोराला ओढले की माशी पाण्यावर रेघ ओढत, फरफटत जाते. ट्राऊटला ते तत्काळ कळते, आणि तो तिला तोंड लावत नाही. म्हणून चांगला गरवणारा दोर सोडतही नाही आणि ताणतही नाही. सारे कौशल्य त्या ढिलेपणात आहे.

आपल्या मराठीत एक सुंदर शब्द आहे, ‘ओढ’. माणसाला माणसाची ओढ असते, माहेरची ओढ असते, देवाची ओढ असते. पण त्याच शब्दातून ‘ओढाताण’ही निघते. ओढ असली म्हणजे दोघे जोडलेले राहतात. ओढाताण सुरू झाली की दोर तोच, माणसे तीच, पण एकजण दुसऱ्याला फरफटत नेऊ लागतो. ‘तू माझ्यासारखाच विचार कर.’ ‘तू माहेरी कशाला जातेस?’ ‘फोन कोणाचा होता, दाखव.’ हे सारे प्रेमाच्या नावाखाली चालते. ओढणाऱ्याला वाटते, आपण नाते घट्ट धरले आहे. समोरचा मात्र दूर जात असतो.

मला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच कॅथलिक तत्त्ववेत्ता (१८८९-१९७३) फार आवडत असे. तो म्हणतो की एखादा माणूस आपल्या खोलीत बसलेला असूनही आपल्यापाशी नसतो, आणि हजारो मैलांवरचा प्रियजन मात्र आपल्यापाशी असतो. जवळ असणे हा अंतराचा विषय नाही. आपण दुसऱ्यासाठी किती मोकळे आहोत, त्यावर ते ठरते. तीस पावलांवर उभे असलेले ते दोघे दिवसभर एकमेकांपाशी होते. आपल्या जेवणाच्या टेबलावर अंतर दोन फुटांचे असते.

दोराविषयी आणखी एक. ओढ लागणार असे दिसताच गरवणारा काठीच्या टोकाने दोराचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. तिकडे याला ‘मेंडिंग’ म्हणतात, म्हणजे चक्क डागडुजी. ही डागडुजी माशी फरफटायला लागण्याआधी करायची असते. नंतर केली तर मासा गेलेलाच असतो. घरातही असेच आहे. ‘मला वाईट वाटलं’ हे त्याच रात्री सांगितले तर ती डागडुजी. तेच सहा महिन्यांनी, पाहुण्यांसमोर सांगितले तर तो हिशेब होतो. आणि तापमापक विसरू नका. पाणी तापलेले असेल तेव्हा विषय काढू नये. समोरचा दमून नुकताच लोकलमधून उतरला आहे की नाही, एवढे तरी आधी पाहावे.

संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला आणि नदीवर खऱ्या माश्या उठल्या. या माश्या पिल्लू असताना महिनोन्‌महिने, काही जाती वर्षभर, पाण्याखाली दगडांना धरून राहतात. पंख फुटून बाहेर आल्यावर मात्र त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. त्या काही खातही नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यांच्या गणाला ठेवलेल्या ग्रीक नावात ‘एक दिवस’ हाच अर्थ दडलेला आहे. त्या उठल्या तसे पाण्यावर जागोजागी मासे उसळू लागले. बाईंच्या माशीला एक तपकिरी ट्राऊट लागला. गृहस्थ हातजाळी घेऊन पाण्यातून सावकाश आले. बाईंनी आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो. गळ काढला, माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवले. त्याच्या अंगात बळ आल्यावर त्याने स्वतःच शेपटी मारली आणि तो गेला.

गृहस्थांना दिवसभरात एकही मासा मिळाला नाही. परतताना मी तसे बोललो. ते म्हणाले, ‘फादर, जानेवारीत डॉक्टरांनी विचारलं होतं, बरे झाल्यावर काय करायची इच्छा आहे? मी हाच दिवस सांगितला होता. माशाचं काही बोललो नव्हतो.’ अंधार पडायच्या आत दोघांनी पुन्हा हात धरून नदी ओलांडली. या वेळी वरच्या अंगाला कोण, हा प्रश्न आलाच नाही. बाई तिकडेच जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

वेदीसमोर वधू-वर सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन देतात. त्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. प्रवाहाचा जोर कायम एकानेच अंगावर घ्यायचा नसतो. कधी त्याची नोकरी जाते, कधी तिला गाठ निघते, कधी दोघांपैकी एकाला माणसे ओळखू येत नाहीत. तेव्हा न बोलता जागा बदलावी लागते. आणि ज्याने आयुष्यभर वरची बाजू सांभाळली, त्याने खालच्या बाजूला उभे राहायला शिकावे लागते. आपल्या पुरुषांना हे दुसरे अधिक जड जाते. बायकोने जोर घेतला म्हणजे आपला मान गेला, असे वाटते. आदामाच्या कुशीतून देवाने स्त्री घडवली, असे आजचे वाचन सांगते. ती पायातून घडवली नाही आणि डोक्यातूनही नाही; बरोबरीने चालायला कूसच हवी, असे ख्रिस्तसभेतील जुने आचार्य या वचनावर सांगत आले आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. नदीचा प्रवाह वेगळा आणि घरातली मारहाण वेगळी. हात उगारणारा नवरा हा काही सोसायचा प्रवाह नाही. ज्या भगिनी हे सोसत असतील, त्यांनी ‘संसार आहे, सहन करायचं’ असे म्हणून गप्प राहू नये. धर्मग्रामाचे दार उघडे आहे. आधी तुमची सुरक्षितता, मग बाकीचे बोलणे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी ‘आमोरिस लेतित्सिया’ हे बोधपत्र लिहिले. प्रेमाला वेळ आणि जागा लागते, बाकीचे सारे त्यानंतर, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय आहे. म्हणून या धर्मग्रामातील प्रत्येक जोडप्याला माझी विनंती आहे. वर्षातला एक दिवस ठरवा. दिनदर्शिकेवर खूण करा. नदी आणि काठी हवीच असे नाही. वाडीत दिवसभर फुले वेचा, सुरुच्या बागेतून समुद्रकाठी चालत जा, ज्या चर्चमध्ये तुमचे लग्न झाले तिथे जाऊन बसा. मुलांना आजीकडे ठेवा. आणि आजींनो, तुम्ही तक्रार न करता त्यांना ठेवून घ्या! बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. रुसलेले असाल तर विशेष करून जा. ज्यांचा जोडीदार देवाघरी गेला आहे, त्यांनीही तो दिवस मोडू नये. कबरीवर एक फूल ठेवा आणि थोडा वेळ तिथे थांबा. आणि ज्यांचे लग्न झालेले नाही किंवा ज्यांचा संसार मोडला आहे, त्यांना आपल्यापैकी कोणीतरी त्या आठवड्यात जेवायला बोलवावे. एकटेपण बरे नाही, हे देवाने केवळ जोडप्यांसाठी म्हटलेले नाही.

शेवटी शुभवर्तमानातली एक लहानशी गोष्ट. चारही शुभवर्तमानांत जाळ्याच्या गोष्टी अनेक आहेत, पण गळाने मासा धरल्याची गोष्ट एकच (मत्तय १७:२४-२७). मंदिराचा कर भरायचा असतो. येशू पेत्राला समुद्रात गळ टाकायला सांगतो. पहिल्या माशाच्या तोंडात एक नाणे सापडेल, आणि ते दोघांच्या करासाठी द्यायचे, येशूच्या आणि पेत्राच्या. पेत्र संसारी माणूस होता, त्याची सासू येशूने बरी केली हे आपण जाणतो. येशूने त्याला दोन नाणी दिली नाहीत. एकाच नाण्यात दोघांचे भागवले.

हे प्रभो, आमच्या घरांतील प्रत्येक जोडप्याला एकमेकांची ओढ दे आणि ओढाताणीपासून त्यांना राख. जिथे गुंता झाला आहे, तिथे तो सावकाश सोडवण्याचा धीर दे. पाण्याचा जोर वाढेल तेव्हा दोघांपैकी एकाला वरच्या अंगाला उभे राहण्याचे बळ दे, आणि दुसऱ्याला हात पुढे करण्याची नम्रता दे. मरियामाते, काना गावच्या लग्नघरात काय कमी पडले ते तू सर्वांआधी पाहिलेस. आमच्या घरांतही काय कमी पडत आहे ते तुझ्या पुत्राला सांग. आमेन.

आपला प्रभूमधील,
प्रमुख धर्मगुरू